पावसाचं गढूळ पाणी निवळायला काय बरं: नुसती टाकी, तुरटी, कायटोसान की वाळू?

रस्ते, छतं, पार्किंगवरून वाहून आलेलं पाणी पुढे सोडायच्या आधी निवळून घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण थेट टाकी केवढी बांधायची यावरच येतात. माझं म्हणणं, आधी कणांवरचा चार्ज बघा, टाकी नंतर.

आता हे बघा, ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाळूचा कण १ मीटर खाली जायला ७-८ मिनिटं घेतो, २ मायक्रॉनचा मातीचा कण ३ दिवसांहून जास्त आणि १ मायक्रॉनचा जवळपास १३ दिवस, तेही पाणी अजिबात हललं नाही तर, आणि पावसात टाकीतलं पाणी शांत कधी असतं? हे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे झाले असते तर काम सोपं होतं. पण चिकणमातीवर निगेटिव्ह चार्ज असतो, आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातलं सेंद्रिय द्रव्य वर बसलं की लोखंडाच्या ऑक्साइडचे एरवी पॉझिटिव्ह असणारे कणसुद्धा निगेटिव्ह होतात, मग सगळे एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. शिसं आणि फॉस्फरस या बारीक कणांवरच भरपूर बसून येतं, म्हणून तळाला साका दिसला की खूश होऊ नका.

थोडक्यात नुसती टाकी जाड गाळापुरती ठीक, मधूनमधून उपसली की झालं.

तुरटी, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, दोन कामं करते, चार्ज मारते आणि हायड्रॉक्साइडच्या गुठळ्यांत कण अडकवते, त्यामुळे पटकन निवळतं. पण पीएच साधारण ६ ते ७ लागतो आणि ती अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, खाते, १ मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात). पावसाच्या पाण्यात ती बऱ्याचदा मुळातच कमी, मग पीएच घसरतो आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम माशांच्या जिवावर उठतं. अशा पाण्याला मी पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड घेईन, ते अल्कलिनिटी कमी खातं.

कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, नैसर्गिक म्हटल्यावर लोक लगेच भाळतात. अल्कलिनिटीला ते फारसं हात लावत नाही, गाळही कमी तयार होतो, हे खरंय. पण त्याचा पॉझिटिव्ह चार्ज पीएच साधारण ६.५ च्या वर गेला की उतरत जातो, आणि ताज्या काँक्रीटवरून आलेलं पाणी तर चांगलंच अल्कलाइन असतं. शिवाय डोस जास्त झाला तर कण उलटे पॉझिटिव्ह होऊन पुन्हा एकमेकांना ढकलतात, आणि उरलेलं कायटोसान माशांच्या कल्ल्यांना चिकटतं कारण तिथेही निगेटिव्ह चार्जच असतो. डोस ही तुरटीचीही डोकेदुखी आहे म्हणा, पहिल्या सरीचं पाणी वेगळं, तासाभरानंतरचं वेगळं, आणि पंप एकाच डोसवर लावून ठेवला की अर्धा वेळ कमी पडतं अर्धा वेळ जास्त.

वाळूच्या फिल्टरला केमिकल लागत नाही, पण साधी वाळूही निगेटिव्हच, म्हणजे कणांना अडवायचं सोडून ढकलते, आणि १ मायक्रॉनच्या आसपासचे तर तसेही सगळ्यात कमी अडकतात. त्यापेक्षा आयर्न ऑक्साइडचा थर दिलेली वाळू घ्या, ती साधारण न्यूट्रल पाण्यात पॉझिटिव्ह असते, मात्र थर भरत आला की बदलावी लागते. रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात तिथे एक गंमत होते, खारट पाण्यात कण वाळूला धरून राहतात आणि मागून गोडं पाणी आलं की तेच सुटून खाली जातात, तेव्हा फक्त मिठाच्या दिवसांतल्या टेस्टवर फिल्टर पास करू नका.

जागा छोटी आणि डोसवर लक्ष ठेवायला माणूस नाही, तर थर दिलेली वाळू. माणूस आहे आणि पाणी भरपूर, तर टाकी अधिक पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड, पण आधी दोन-तीन वेगवेगळ्या पावसांच्या पाण्यावर जार टेस्ट करा, म्हणजे बरण्यांत वेगवेगळे डोस टाकून बघा, आणि जमलं तर झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणांवरच्या चार्जचं माप, मोजून घ्या, ते शून्याच्या जवळ आलं की गुठळ्या धरतात. आणि लॅबच्या रिपोर्टात ‘विरघळलेलं तांबं’ दिसलं तर नमुना कशातून गाळला ते विचारा, बहुतेक वेळा ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर असतो, त्यातून हेच बारीक कण तांबं घेऊन आरामात पार होतात.