अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांवरील जनसुनावणी : दार मोठे, कान निवडक

सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात काय चालेल आणि काय नाही, हे ठरताना शेतकऱ्याला व ग्राहकाला बोलू देणारी अमेरिकेच्या कृषी विभागाची व्यवस्था ही सार्वजनिक सेवाच आहे आणि तिचे परीक्षणही सेवेसारखेच व्हावे. आपला संबंध दूरचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने अपेडाच्या, म्हणजे आपल्या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या, सेंद्रिय प्रमाणन व्यवस्थेची मान्यता काढून घेतली आणि त्यानंतरची मुदत संपल्यापासून तिकडे सेंद्रिय हळद पाठवणाऱ्याला थेट अमेरिकी नियमांनुसारच प्रमाणपत्र घ्यावे लागते.

१९९० च्या कायद्याने नेमलेल्या १५ सदस्यांच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या बैठका वसंतात आणि शरदात होतात. प्रस्तावांचे मसुदे आधी प्रसिद्ध होतात, त्यांवर सरकारी संकेतस्थळावर कोणीही विनाशुल्क, हवे तर नाव न देता, लेखी मत नोंदवू शकतो आणि पुरावेही जोडू शकतो. तोंडी निवेदनाला साधारण तीनच मिनिटे मिळतात, मात्र त्यानंतर सदस्य प्रश्न विचारतात आणि माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. सगळी मते वाचायला खुली असल्याने कंपनी काय म्हणते आणि शेतकरी काय म्हणतो, हे शेजारी ठेवून पाहता येते. मसुद्यांची भाषा मात्र रुक्ष आणि रसायनशास्त्राने भरलेली असते, शिवाय बैठकांची वेळ तिकडच्या घड्याळाची, म्हणजे आपल्याकडे ऐन जेवणाची किंवा झोपेची.

परिणामाचे काय? सेंद्रिय नियमांच्या डिसेंबर १९९७ च्या पहिल्या मसुद्याने जनुकीय बदल केलेली पिके, किरणोत्सर्गाची प्रक्रिया आणि सांडपाण्याचा गाळ यांना वाट मोकळी ठेवली होती. त्यावर पावणेतीन लाखांहून अधिक मते आली, विभागाला मसुदा नव्याने लिहावा लागला आणि २००० च्या अंतिम नियमात या तिन्ही गोष्टी निषिद्ध ठरल्या. २०१८ चा अनुभव मात्र याच्या अगदी उलट आहे. सेंद्रिय पशुपालनात जनावरांना व कोंबड्यांना पुरेशी मोकळी जागा देणारा, आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेला नियम मागे घेण्याच्या प्रस्तावावर सुमारे ७२ हजार मते आली. त्यांतली ६३ हजारांहून अधिक विरोधात होती, पाठिंब्याची जेमतेम ५०. तरीही नियम मागे घेतला गेला आणि तशा तरतुदी यायला २०२३ उजाडले. कॅराजीनन हा समुद्री शेवाळापासून काढलेला, दाटपणा आणणारा पदार्थ सेंद्रिय मालात चालणाऱ्या पदार्थांच्या यादीतून वगळावा, अशी शिफारस मंडळाने २०१६ मध्ये केली होती; विभागाने तीही मानली नाही.

याचे कारण रचनेतच आहे. मंडळाच्या शिफारशीवाचून विभाग नवा कृत्रिम पदार्थ यादीत घालू शकत नाही, पण वगळण्याची शिफारस त्याच्यावर बंधनकारक नाही. शिवाय २०१३ पासून पदार्थ वगळण्यासाठीच मंडळाच्या सदस्यांची दोन-तृतीयांश मते लागतात, पूर्वी ती पदार्थ यादीत ठेवण्यासाठी लागत.

सोयीला पाचपैकी चार गुण, परिणामाला अडीच. छापील नमुन्याचे पत्र पाठवणाऱ्याने फार आशा धरू नये. यादीतला प्रत्येक पदार्थ दर पाच वर्षांनी पुनर्विचाराला येतो; तो पदार्थ खरोखर वापरणाऱ्याने किंवा टाळून शेती करणाऱ्याने पर्याय कोणता, खर्च किती आणि पिकावर काय परिणाम झाला, हे त्या वेळी नेमके लिहावे, कारण सदस्यांचे प्रश्न बहुधा याच तपशिलांवर येतात.