रिवणच्या सड्यावर माउंटन बाइक: माझी सायकल मस्त, भाच्याची नाही

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा भाचा (कोल्हापूरचा, अकरावीत आहे) दक्षिण गोव्यातल्या रिवणला माउंटन बाइकची अर्ध्या दिवसाची राइड करून आलो. तेव्हापासून लिहायचं मनात होतं, कारण गोव्यात सायकल घेऊन कुठे जायचं असं कोणी विचारलं की सगळे एकदम दिवाडी बेट सांगतात. दिवाडी छानच आहे, फेरीबोटीत सायकल चढवायची मजा वेगळीच, पण ते सपाट. चढ-उतार हवेत, झाडी हवी, मध्येच व्हाळ (ओढा) आडवा यायला हवा असं असेल तर सांगे-केप्याकडेच जायला पाहिजे, आणि मी आख्खं आयुष्य फोंड्यात काढून हे चाळिशीत पहिल्यांदा बघितलं याचं मला खरंच वाईट वाटलं.

राइड चालवणारी तिघं-चौघं तिथलीच पोरं आहेत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण खाली एक तक्रार आहे, ती मी त्यांना तिथेच तोंडावर सांगितली आणि त्यांनी ती नीट ऐकून घेतली, तेव्हा आता नावानिशी चारचौघांत मांडायची गरज नाही. माणशी 1,800 रुपये घेतले, त्यात सायकल, हेल्मेट, गाइड आणि नाश्ता. सकाळी साडेसहाला बोलावतात आणि ही वेळ अजिबात चुकवू नका, साडेदहानंतर सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, सावली नाही आणि जांभा दगड असा तापतो की ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागतं.

सायकल हार्डटेल, म्हणजे पुढे सस्पेन्शन, मागे नाही. 29 इंची चाकं, पुढे एकच चेनरिंग (पायडलजवळचं दात्यांचं चाक), मागे दहा गियर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. मला वाटलेलं देतील कुठलीतरी हातात, पण गाइडने आधी मला दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं केलं, फ्रेम मोठी होते म्हणून बदलून दिली, मग सीटची उंची लावली. टायर आधी अंगठ्याने दाबून बघितला आणि मग गेज लावून 30 पीएसआयवर आणला. मी म्हटलं अजून थोडी हवा काढली तर ग्रिप जास्त मिळेल ना, तर म्हणाला आत ट्यूब आहे ताई, हवा कमी केली आणि दगडावर चाक आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. हे ऐकून मला बरं वाटलं, माणसाला आपलं काम माहीत आहे हे कळलं. (टायर दाबला तसा प्रत्येक सायकलचा ब्रेकही त्याने बघायला हवा होता, ते पुढे येतं.)

सुरुवातीला गावातला डांबरी रस्ता, तिथे पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत समोरून आला, मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक. भाचा त्याच्याकडे बघतच राहिला, त्याला वाटायचं सायकल म्हणजे हल्ली फक्त व्यायामाला, इथे हा माणूस रोज पहाटे एवढं ओझं घेऊन हेच चढ चढतो. मग डावीकडे वळून लाल वाट आणि काजूच्या बागेतून सड्यावर चढ. चढ लांब नाही पण दोन ठिकाणी असा उभा आहे की मी उतरून ढकलत नेली, तुम्हीही न्या, त्यात काही कमीपणा नाही. वर पोचलो तर पावसाळ्यातलं गवत वाळून पिवळंधमक झालेलं आणि लांब सह्याद्रीची रांग निळी.

सड्यावर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. जांभ्यावर बारीक गोल लोखंडी खडे सुटे पडलेले असतात, अगदी गोट्यांसारखे, त्यावर चाक वळवायचं नाही आणि वळताना पुढचा ब्रेक तर दाबायचाच नाही. सरळ राहायचं, वेग आधीच कमी करायचा, उतारावर सीट खाली घेऊन वजन मागे न्यायचं. सावलीतला जांभा वेगळाच, त्याच्यावर पावसाळ्यानंतर सुद्धा शेवाळ राहतं आणि ते साबणासारखं. म्हणजे एकाच वाटेवर दोन वेगळ्या घसरणी.

सड्यावरून खाली उतरलात की एकदम गार. कुळागर लागतं. सुपारीची सरळ झाडं, त्यांच्यावर चढलेली मिरी, खाली केळी आणि जायफळ, आणि मधून पाट, म्हणजे झऱ्याचं पाणी वरून उताराने आणून एकेका झाडापर्यंत पोचवलेलं, पंप नाही काही नाही. गाइडने आधी मालकांना हाक मारून विचारलं आणि आम्ही इथे सायकली हातात धरून चालत गेलो, हे मला फार आवडलं, कारण पाटाची कड मातीची असते, एक चाक त्यावरून गेलं तर कड ढासळते आणि खालच्या झाडांचं पाणी बंद. घरातल्या काकूंनी बाहेर येऊन कोकमचं सरबत दिलं, पैसे देऊ केले तर रागावल्या.

पुढे व्हाळ. पाणी इतकं स्वच्छ की तळाचा एकेक गोटा दिसतो, आणि कुठूनतरी शीळकरी कस्तूर शीळ घालत होता, अगदी माणूस निवांत शीळ वाजवत चालल्यासारखी, सूर कुठे पोचेल ते कळतच नाही. गाइडचा नियम सोपा आहे, पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) खाली असेल तर हलका गियर टाकून पायडल न थांबवता जायचं, हबच्या वर असेल तर सायकल उचलायची, नाहीतर बेअरिंगचं ग्रीस जातं. आणि पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून डिस्क सुकवायची, पहिल्या दाबाला ओला ब्रेक नीट धरत नाही.

आता तक्रार. व्हाळानंतर कुशावती नदीकडे उतरणारी वाट आहे, तिथे भाच्याच्या मागच्या ब्रेकमधून चीं असा आवाज यायला लागला, मला वाटलं पाण्याने असेल. नव्हतं. उतार वाढला तसा मागचा ब्रेक धरेना, पोरगं घाबरलं आणि त्याने पुढचा दाबला, गाइड मागून ओरडतोय ‘सवकास, फुडलो ब्रेक ओडूं नाका!’ तोवर पुढचं चाक खड्यांवरून सरकलं आणि हा आडवा. कोपर सोललं, बाकी काही नाही, हेल्मेट होतं. मी धावत गेले तर माझ्याकडे बघून म्हणतो मावशी आईला सांगू नकोस. गाइडने जखम धुतली, औषध लावलं, मग चाक काढून ब्रेकचा पॅड दाखवला. पॅडवर मटेरियल नखाएवढंही उरलेलं नव्हतं, मागची लोखंडी पट्टीच रोटरला, म्हणजे डिस्कला, घासत होती, रोटरवर बोटाला लागतील अशा रेघा पडलेल्या. हे एका दिवसात होत नाही, आदल्या दोन-तीन राइडला तरी आवाज आला असणार आणि कोणी तरी तो ऐकला असणार. लहान मुलाच्या हातात अशी सायकल देणं मला पटलं नाही आणि मी ते स्पष्ट सांगितलं.

पण हेही सांगायला पाहिजे की गाइड एक शब्दही उलट बोलला नाही, स्वतःची सायकल भाच्याला दिली आणि ती नादुरुस्त सायकल स्वतः शेवटपर्यंत ढकलत आणली. परत आल्यावर भाच्याचे अर्धे पैसे न मागता परत दिले. म्हणून तुम्ही कोणाकडूनही सायकल घ्या, निघायच्या आधी दोन्ही चाकं उचलून फिरवा, ब्रेक दाबा, कान देऊन ऐका, आणि कॅलिपरमध्ये (पॅड बसवलेल्या भागात) डोकावून पॅड किती उरलाय ते बघा. एक मिनिट लागतं.

शेवट उसगाळीमळला, तिथले लोक पणसायमळ म्हणतात. कुशावतीच्या काठावर जांभ्याच्या कातळात हजारो वर्षांपूर्वी कोरलेली शंभरावर चित्रं आहेत, बैल, हरणं, मोर, माणसं. गावातल्या लोकांना ती आधीपासून माहीत होती, पुरातत्त्व खात्याला 1993 मध्ये दाखवली. पावसाळ्यात नदी सगळ्यावरून वाहते. एक चक्रव्यूहासारखं वर्तुळात वर्तुळ कोरलेलं आहे, त्याच्या खाचांत सकाळचं दव साचून राहिलं होतं आणि तिरपं ऊन पडल्यावर रेघ न् रेघ चमकायला लागली. भाचा कोपराला पट्टी बांधलेला, गुडघ्यावर बसून, हात न लावता नजरेनेच आतली वाट शोधत होता, पाच मिनिटं तरी. सायकली वर झाडाला टेकवूनच या. कातळावर टायरचे डाग बघितले मी, फार चीड आली, कोणीतरी रील काढायला वरूनच घातलेली दिसते. कोरलेली रेघ झिजली की संपली, ती परत येत नाही.

परतीच्या वाटेवर बंद खाणीचा खंदक दिसतो, पाणी भरलेलं, हिरवट निळं, फोटोत तळं वाटतं. 2012 ला खाणी थांबल्या तेव्हापासून या भागातल्या लोकांचं काय झालं ते गाइडने चालता चालता सांगितलं, त्याचे वडील ट्रक चालवायचे. काठ ढिसूळ आहे, लांबूनच बघा.

नाश्ता तिठ्यावरच्या हॉटेलात, पातळ भाजी, गरम उंडे (गोल पाव), मिर्ची भजी आणि चहा. माझ्या घड्याळात 24 किलोमीटर झाले होते, भाच्याने चार उंडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनेच नेत्रावळीला गेलो, बुडबुड्यांची तळी बघितली, गोपीनाथाचं दर्शन घेतलं. अभयारण्यात सायकल न्यायची तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, तसंच घुसू नका. येताना साळावलीचं धरण. त्या पाण्याखाली कुर्डी आहे, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं आणि तिथून उठलेली माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला परत जमतात. मला तिथे गाडीतून बघताना सारखं वाटत होतं की हे सायकलवरून, सावकाश, थांबत बघायचं ठिकाण आहे.

पाचपैकी वाटेला पाच, गाइडला पाच, सायकलींना तीन. फेब्रुवारीत काजूला मोहोर आला की परत जायचं ठरलंय, भाचा आत्तापासून मागे लागलाय. बुकिंग करायच्या आधी फोनवर पॅड बदलले का ते विचारीन, आणि पोचल्यावर चाक उचलून फिरवून बघीन.