माझदा ३ हॅचबॅक (चौथी पिढी): रेघेविना घडवलेला पत्रा

आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या दारांवर एक-दोन धारदार रेघा पुढून मागे ओढलेल्या असतात. घडी घातली की पत्रा ताठ होतो आणि आकारात दम नसला तरी तो झाकला जातो. नोव्हेंबर २०१८मध्ये लॉस एंजेलिसला सादर झालेल्या माझदा ३ने या दोन्ही सोयी सोडून दिल्या. हिच्या दारांवर अशी रेघ नाही. २०१७च्या टोकियो मोटर शोमधल्या ‘काई’ या कन्सेप्ट (विक्रीसाठी नव्हे, कल्पना दाखवायला बनवलेल्या) गाडीचा बाज यात इतका शाबूत राहिला आहे, की डिझाइनवाल्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

दाराचा वरचा भाग किंचित आकाशाकडे कललेला आहे, तर खालचा आत दबून जमिनीकडे वळतो. त्यामुळे वर उजेड पडतो आणि खाली सावली. दोहोंची सीमा ‘एस’सारखी वळते आणि गाडी पुढे निघाली की तीही पत्र्यावरून सरकते. हे नीट बघायचं तर गाडी ट्यूबलाइटच्या रांगेखाली उभी करा, थोडं वाकून नजर दाराच्या हँडलच्या पातळीला आणा आणि पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत सावकाश चाला. प्रतिबिंब न अडखळता सरकलं पाहिजे. मध्येच थरथरलं तर तिथे पुट्टी भरलेली असण्याची शक्यता मोठी. सेकंड-हँड माझदा ३ घेताना ही तपासणी सगळ्यात आधी करा, कारण असा पत्रा हाताने घासून पुन्हा जागेवर आणणं फार अवघड असतं.

पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार लागून पडलेला छोटा पोचाही इथे लगेच नजरेत भरतो, लपायला घडीच नाही. एक दिलासा मात्र आहे. रंग फुटला नसेल तर असा पोचा आतून दाबून, रंगाला हात न लावता काढता येतो आणि घडीवरच्या पोच्यापेक्षा तो सोपा जातो.

आता खटकणारी गोष्ट. मागच्या दारापलीकडचा सी-पिलर, म्हणजे छत पेलणारा मागचा खांब, प्रचंड जाड आहे. छत आणि बॉडी एकाच गोळ्यातून काढल्यासारखी दिसावी म्हणून तिथे काच दिलेली नाही. बाहेरून हा डाव जमला आहे आणि २०२०चा ‘वर्ल्ड कार डिझाइन ऑफ द इयर’ हा मान या गाडीने कमावलाच आहे. पण आत बसल्यावर किंमत कळते. तिरकस जागेतून रिव्हर्स घेताना मागच्या कोपऱ्यातलं काही दिसत नाही. मागे बसणाऱ्याच्या खांद्याशी भिंत येते आणि लहान मुलांना बाहेरचं काही दिसत नाही. रिव्हर्स कॅमेरा आणि ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या गाडीचा) इशारा हिच्यात चैन नव्हे, गरज आहे. आरसे इतके बाहेर वळवा की त्यात स्वतःच्या गाडीचा पत्रा जेमतेम दिसेल. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ हिचीच सेडान (मागे वेगळी डिकी असलेली) घ्यावी. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) तोच, लांबी ४४६० ऐवजी ४६६० मिलिमीटर, पिलर सडपातळ. ती देखणी आहे, पण हॅचबॅकचा धीटपणा तिच्यात नाही.

चाकांच्या बाबतीत १८ इंची चाकं गाडीला शोभतात, यात शंका नाही. पण टायर २१५/४५ (रुंदी २१५ मिलिमीटर, उंची तिच्या ४५ टक्के), म्हणजे साइडवॉल, रिम आणि रस्ता यांमधली टायरची बाजू, जेमतेम ९७ मिलिमीटर. १६ इंचीवर २०५/६० बसतो आणि साइडवॉल १२३ मिलिमीटर होते. एकूण व्यास जवळपास सारखाच. खड्ड्यांतून रोज जाणं असेल तर १६ इंचीच घ्या, रिम वाकण्याची धास्ती कमी.

डॅशबोर्ड या वर्गातला सर्वांत विचारी आहे. एसीला खरी बटणं, स्क्रीन (सुरुवातीच्या गाड्यांत ८.८ इंची) दूर काचेजवळ, आणि ती चालवायला गिअरलिव्हरमागे फिरवायचा नॉब. एकदा बोटांना सवय झाली की नजर रस्त्यावरून हलत नाही. गिअरलिव्हरभोवतीचं चकचकीत काळं प्लास्टिक मात्र तिथे नको होतं. कोरड्या फडक्याने पुसलं तरी बारीक ओरखडे उठतात. पारदर्शक फिल्म पहिल्याच दिवशी लावून टाका.

सोल रेड क्रिस्टल हा लाल रंग हे वळण सर्वांत चांगलं दाखवतो. खाली अॅल्युमिनियमचे कण असलेला परावर्तक थर, त्यावर पारदर्शक लाल, शेवटी क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी संरक्षक थर. याच थरांमुळे दुरुस्ती महाग पडते. मधल्या लाल थराची जाडी जराशी बदलली की छटा बदलते, मग नुसतं दार रंगवून भागत नाही, शेजारच्या पॅनेलपर्यंत रंग विरवत न्यावा लागतो. काम देण्याआधी पेंटरकडून नमुन्याच्या पट्टीवर लाल थराचे एक, दोन, तीन हात मारून घ्या आणि पट्टी उन्हात गाडीला लावून बघा. गॅरेजच्या दिव्याखाली जुळलेला लाल उन्हात हमखास फसवतो.