पंचवटीतलं रद्दीचं दुकान: चांगला खोका हवा असेल तर इथेच जा

शाळेत २६ वर्षं कार्यानुभव शिकवला. निवृत्त झाले तरी पुठ्ठ्याचं काम हातातून सुटलेलं नाही, आणि गेली चार वर्षं माझा सगळा पुठ्ठा नाशिकला पंचवटीतल्या एकाच रद्दीच्या दुकानातून येतो. मार्केट यार्डापासून चालत दहा मिनिटं. पत्र्याचं शेड, दारात वजनकाटा, पाटी नाही.

रद्दीच्या दुकानात आपण विकायला जातो, विकत घ्यायला कोण जातं? बहुतेक ठिकाणी खोका आला रे आला की चपटा करून गठ्ठ्यात बांधतात. मग त्यातला एक मागितला तर गठ्ठा सोडायला कुणी तयार नसतं. इथले भाऊ धड असलेले खोके आधीच बाजूला काढतात. तीन प्लायचे, म्हणजे तीन थरांचे, एका भिंतीला, पाच प्लायचे दुसऱ्या, फळांचे मागच्या बाजूला. उघडून, उलटून, दाबून बघू देतात. मधला तीन प्लायचा खोका १० रुपये, फ्रिज-वॉशिंग मशीनचा पाच प्लायचा मोठा ४० रुपये. क्राफ्टच्या दुकानात कोऱ्या जाड पुठ्ठ्याचा एक ताव याहून महाग पडतो आणि ताकदीला निम्माही नसतो.

त्यांच्याकडूनच मी एक परीक्षा शिकले. कापलेल्या कडेवर अंगठा दाबायचा. आतली पन्हाळी, म्हणजे दोन कागदांमधला नागमोडी थर, दबून परत वर आली तर पुठ्ठा चांगला. चेपलेली तशीच राहिली तर त्याने कधीतरी पाणी पाहिलंय. एकदा मी छान छापील खोका उचलला, तर लांबूनच म्हणाले, "बाई, तो नका घेऊ. वरून चकचकीत आहे, पण ओल खाल्लीय त्यानं." घरी आणलेल्या पुठ्ठ्याची ही परीक्षा घेतल्याशिवाय मी आता त्याला कात्री लावत नाही.

जानेवारी ते एप्रिल इथे आवर्जून जावं. द्राक्षांचा हंगाम असतो आणि डाग पडलेले, छपाई चुकलेले खोके येतात. बुटके, बाजूला हवेची भोकं असलेले. तसे सहा खोके आणून मी सुनेला कपाट करून दिलं. बाहेरचा सांगाडा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा, खण द्राक्षांचे. त्या भोकांतच बोट घालून खण ओढायचा, वेगळी मूठ लागत नाही. सांगाड्याच्या बाजू कापताना पन्हाळी उभी राहील अशा कापल्या, कारण उभी पन्हाळी भार पेलते आणि आडवी ठेवली तर आठवड्यात बसते. मधल्या फळ्यांना दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवले, एकाची पन्हाळी उभी, दुसऱ्याची आडवी. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद. पुस्तकं बांधणारे घालतात तेच, किडा लागत नाही. मोरचूद विषारी असतं, म्हणून हे काम मी नातू शाळेत असताना करते आणि खळीचं भांडं स्वयंपाकात वापरत नाही. कागद मात्र दोन्ही बाजूंना लावायचा. एकाच बाजूला लावला तर वाळताना फळी पोह्याच्या पापडासारखी वळते. वर पाटा ठेवून दोन दिवस सावलीत वाळवलं. त्या कपाटात सुनेचे शिवणाचे कपडे, रिळं, कात्र्या गेली दोन वर्षं आहेत आणि एकही खण ढिला झालेला नाही.

आंब्याची पेटी मिळाली तर कांद्यासाठी ठेवा, हवा खेळती राहते. बटाट्याला दुसरी.

ताकाची, ज्यूसची चौकोनी डबडी भाऊ घेत नाहीत, तेलकट पिझ्झाचे खोकेही नाही. डबड्याच्या पुठ्ठ्याला आतून प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, तो सुटा करायला वेगळी यंत्रं लागतात. तेल लागलेला पुठ्ठा लगदा बिघडवतो. त्यांचं बरोबर आहे. डबडी मी घरीच वापरते. पाणी झिरपत नाही, म्हणून तळाला चार भोकं पाडून मिरची-टोमॅटोची रोपं त्यातच करते.

तक्रारी दोन. पावसाळ्यात शेडची एक बाजू गळते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीकडचे खोके घेऊ नका. आणि एकदा किराणा मालाच्या खोक्याच्या घडीत झुरळाची अंडी निघाली. माझ्या स्वयंपाकघरात पंधरा दिवस त्रास झाला, मी फार चिडले होते. जाऊन सांगितलं तर भाऊंनी वाद घातला नाही. दुसरा खोका दिला, आणि त्या दिवसापासून किराण्याचे खोके आधी उन्हात उघडे टाकतात. तरी घरी आणल्यावर प्रत्येक घडी उघडून कुंचल्याने झाडून घ्या.

२०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्या घरी मखर पुठ्ठ्याचंच. गेल्या वर्षीच्या कमानीला पुठ्ठा वळवायचा होता आणि तो मधेच मोडत होता. भाऊंनी खोका हातात घेतला, वरचा एक कागद ओला करून सोलून काढला आणि उघड्या पन्हाळीचा पुठ्ठा बांगडीसारखा गोल करून दाखवला. कमान तशीच केली. पन्हाळीच्या रेघा बाहेर ठेवून गेरू लावला, तर दगडी खांबावरच्या नक्षीसारखं दिसलं. गणपतीपुढून हलायलाच मन होईना.

दुकान सकाळी दहाला उघडतं, सोमवारी बंद. सुतळी आपली न्या. मखरासाठी मोठे खोके हवे असतील तर श्रावण लागताच सांगून ठेवा, ते नाव लिहून आतल्या कोरड्या बाजूला ठेवतात.