पीएचक्यू-ए: नऊ प्रश्नांचा फुकट कागद कितपत कामाचा?

किशोरवयीन मुलांमधलं नैराश्य हेरण्यासाठी, ११ ते १७ वयासाठी केलेली ही प्रश्नावली. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, भरायला पाचेक मिनिटं पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असे नऊ प्रश्न. 'अजिबात नाही'ला ०, 'जवळजवळ रोज'ला ३; म्हणजे कमाल बेरीज २७. बेरीज ५ पासून सौम्य नैराश्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र. १० झाले की डॉक्टरांना दाखवायचंच. निदान कागद करत नाही, ते करतात.

सगळ्यात जमलेला आहे तो पहिला प्रश्न. त्यात उदासीबरोबर चिडचिडही विचारली आहे. मोठ्यांच्या पीएचक्यू-९ मध्ये ती नाही. दारं आपटणारा, उलट बोलणारा नववीतला मुलगा रडत बसत नाही, म्हणून घरी कुणाला शंका येत नाही. 'वयच तसलं' म्हटलं की विषय संपला! मराठी प्रत घेताना पहिल्या प्रश्नात 'चिडचिड' आहे का ते आधी बघा. नसेल तर तो मोठ्यांचा कागद आहे.

खोट आहे ती बेरजेत. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बेरीज ६ पण नवव्याला १, तर ते 'सौम्य' धरायचं नाही. शेवटी आणखी दोन प्रश्न आहेत: गेल्या महिन्यात जीव देण्याचा गंभीर विचार आला का, आणि पूर्वी कधी प्रयत्न केला का. त्यांना गुणच नाहीत, त्यामुळे घाईत तेच नजरेतून सुटतात. यांपैकी कुठेही होकार आला, तर त्याच दिवशी एकट्याला बसवून सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा. ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. प्रत्यक्ष काही करून घेतलं असेल तर थेट दवाखाना गाठा.

वर्गात शेजारीशेजारी बसवून भरून घेतलेले कागद जवळपास वाया जातात, सगळीकडे शून्यं. आईने मुलाच्या वतीने भरणं त्याहून निरुपयोगी. शिवाय रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं, तरी थकवा, झोप आणि भुकेचे गुण चढतात. तेव्हा हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.