उपहासात्मक निबंध: स्वतःच्या तोंडाने लिहायचा की सोंग घेऊन?

उपहासात्मक निबंध लिहायला बसलं की आधी हेच ठरवावं लागतं, टोमणे आपल्याच तोंडाने मारायचे की सोंग घ्यायचं, म्हणजे ज्याच्यावर टीका करायचीय त्याचीच बाजू मनापासून मांडणारं पात्र उभं करायचं. मी दोन्ही करून बघितलंय, विषय एकच, पूररेषेतली बांधकामं.

पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात लिहिलं. प्लॅनिंग फारसं लागत नाही, राग असतोच, एका बैठकीत होतं, कुणाच्या ताज्या विधानावर पानभर लिहायचं असेल तर हेच बरं. पण नेम चुकायचा धोका लई. मी लिहिलेलं, "नदीच्या अंगणात घर बांधायचं आणि ती आली की बोंब मारायची." कोल्हापूरच्या 2019 च्या पुरात घर बुडालेल्या मित्राने रंकाळा तलावावर बसून ते वाचलं, फोन परत दिला आणि म्हणाला, "आमच्यावरच हसतोयस व्हय?" बरोबर होतं त्याचं. मारायचं होतं परवानग्या देणाऱ्यांना, लागलं भोगणाऱ्यांना.

सोंगात हे टळतं, कारण हसू त्या पात्रावर येतं. आयरिश लेखक जोनाथन स्विफ्टचा 1729 चा निबंध बघा, आयर्लंडमधल्या गरिबीवर त्याचा निवेदक उपाय सुचवतो की वर्षाची झालेली गरिबांची एक लाख पोरं श्रीमंतांना खायला विकावीत, तेही हिशेब मांडून, शांतपणे. आणि खरे उपाय? ते शेवटी तो "असलं काही मला सांगू नका" म्हणून झटकतो, तिथंच वाचकाला ते दिसतात. ही जागा लिहायला घ्यायच्या आधीच ठरवायला पाहिजे, नंतर घुसडता येत नाही.

माझ्या दुसऱ्या निबंधात फ्लॅट विकणारा एजंट बोलतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे आकडे खरेच ठेवले आणि त्याच्या तोंडी घातलं, "39 ला नदी बाल्कनीतून दिसते, 43 ला हॉलमधून, एक्स्ट्रा चार्ज नाही." आकडा खरा, लॉजिक वाकडं, आणि पात्राने एकदाही डोळा मारायचा नाही. याला वेळ जातो, मला तीन मसुदे लागले. लिहायच्या आधी कागदावर कुणाला मारायचंय, कुणाला चुकूनही लागता कामा नये, आणि पात्राचा मूर्खपणा पायरी पायरीने कुठपर्यंत चढणार, एवढं तरी पाहिजेच.

अडचण एकच, व्हॉट्सॲपवर अर्धा परिच्छेद कापून फिरला की लोकं खरं मानतात. म्हणून मोबाईलवर वाचणाऱ्यांसाठी लिहिताना पहिल्या दोन-तीन वाक्यांतच वेडेपणा दिसू द्या, स्विफ्टसारखं दाबून ठेवू नका.

उद्याच द्यायचा असेल तर स्वतःच्या आवाजात लिहा, पण विषयात कुणाचं दुःख असेल तर आठवडा मागून घ्या आणि सोंगच घ्या. दुसरा निबंध मी त्याच मित्राला दिला. वाचून त्याने एवढीच दुरुस्ती सांगितली, "बाल्कनी नंतर, आधी जिन्यात येतंय पाणी." तसं बदललं.