परदेशात मुलांसाठी, महिलांसाठी काम करायचंय? नागपूरहून निघण्याआधी हे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून बघा

एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं वर्ष संपत आलेल्या मुली आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका, या दोघींकडून मला एकच प्रश्न सारखा येतो: परदेशात जाऊन अडचणीतल्या मुलांसाठी, बायकांसाठी काही काम करायचंय, कुठून जाऊ? इच्छा मनापासूनची असते, पैसेही साठवलेले असतात. म्हणूनच निवड नीट व्हावी असं फार वाटतं. जागा चुकली तर तुमचे पैसे आणि सुट्टी जाईल, पण त्याहून जास्त नुकसान तिथल्या मुलांचं होईल.

प्रत्येक पर्यायाला मी एकच कसोटी लावते. हाच प्रकल्प नागपुरात असता तर? दोन आठवड्यांसाठी आलेली, मराठी-हिंदीचा गंध नसलेली अनोळखी व्यक्ती इथल्या बालगृहात सरळ मुलांमध्ये राहायला गेली, तर आपण काय म्हणू? आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे. मूल तिथे ठेवायचं की घरी पाठवायचं, हे बालकल्याण समिती ठरवते. मुलाची ओळख उघड होईल असा फोटो छापणं गुन्हा आहे. आपल्या मुलांसाठी हे सगळं आवश्यक वाटतं, तर नेपाळमधल्या काठमांडूच्या किंवा कंबोडियातल्या नॉम पेन्हच्या मुलांसाठी का नाही?

फी भरून दोन ते चार आठवडे

हा सर्वांत सोपा पर्याय. एजन्सीचा फॉर्म भरा, फी द्या. राहणं, जेवण, विमानतळावरून नेणं, सगळं ते बघतात. अनुभव किंवा भाषा कोणी विचारत नाही. शाळेची भिंत रंगवणं, ग्रंथालय लावणं, शेती किंवा पर्यावरणाचं काम असेल तर माझी हरकत नाही. अनाथाश्रमातलं काम असेल तर मात्र जाऊच नका, असं मी स्पष्ट सांगते.

कारण नेपाळमध्ये जे घडलं ते. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतून दलालांनी मुलं उचलली. आईबापांना सांगितलं की शहरात चांगलं शिक्षण मिळेल, आणि त्यासाठी त्यांच्याकडूनच पैसे घेतले. मुलं पोचली बालगृहांत, कागदावर अनाथ होऊन. ही बालगृहं उभी राहिली ती काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांची वर्दळ असलेल्या भागांत. ज्या जिल्ह्यांतून मुलं आली तिथे नाहीत. कंबोडियात तेच. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथली अनाथालयं सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतल्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांचे आई किंवा वडील हयात होते, असं युनिसेफनेच मांडलं. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं आणली जातात. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा या प्रकाराचा विचार मानवी तस्करी म्हणून झाला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांच्या ठरावात असल्या स्वयंसेवेतून होणाऱ्या हानीची दखल घेतली.

संस्था प्रामाणिक असली तरी एक गोष्ट उरतेच. लहान मूल पंधरा दिवसांत तुम्हाला बिलगतं आणि सोळाव्या दिवशी तुम्ही निघता. पुढच्या आठवड्यात दुसरी ताई येते. आधीच घर सुटलेल्या मुलाला हे वर्षभर सोसावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक

१९७० पासून चालणाऱ्या या कार्यक्रमाचं मुख्यालय जर्मनीत बॉन इथे आहे. इथे तुम्ही फी देत नाही. उलट निर्वाह भत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो. १८ ते २६ वयाच्यांसाठी युवा गट आहे, त्यापुढच्यांना काही वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. निवड कठीण आणि वाट बघावी लागते. एमएसडब्ल्यूनंतर लगेच अर्ज करणाऱ्यांना बहुधा नकारच येतो. दोन-तीन वर्षं इथे नोकरी करून अर्ज करणाऱ्यांचं जमण्याची शक्यता जास्त. घरून करण्याची ऑनलाइन कामंही त्यांच्याकडे असतात: अनुवाद, अहवाल, पोस्टर. घरची जबाबदारी असलेल्यांना मी आधी तेच सुचवते.

नेपाळ, थेट स्थानिक संस्थेसोबत

नागपूरकराला परवडणारा आणि कामाचा वाटावा असा परदेश नेपाळच. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीची सीमा, व्हिसा नाही. विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयोगटाला आधार कार्ड चालत नाही. लिपी देवनागरी आहे, त्यामुळे पाट्या आणि रजिस्टर पहिल्या दिवसापासून वाचता येतात, आणि बरेच लोक हिंदी समजतात. केनियात पोचायला कितीतरी जास्त खर्च येतो, शिवाय पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते.

महिलांच्या कामात नेपाळकडे शिकण्यासारखं खूप आहे. अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या माइती नेपाल या मुलींच्या तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने भारत-नेपाळ सीमेवर ठाणी उभी केली, आणि तिथे नजर ठेवण्याच्या कामात स्वतः तस्करीतून सुटून आलेल्या मुलीही आहेत. कोणती मुलगी कोणाबरोबर चालली आहे आणि काहीतरी चुकतंय, हे त्यांना एका नजरेत कळतं. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाला ते कधी जमणार नाही. त्याने तिथे हिशेब, कागदपत्रं, प्रशिक्षणाचं साहित्य, निधीचे अर्ज सांभाळावेत. ज्यांनी विदर्भात बचत गटाची खाती बसवली आहेत, त्यांचा अनुभव तिथे खरोखर उपयोगी पडतो.

मुदत मात्र किमान सहा महिने धरा. निवारागृहातल्या बाईला तिची कहाणी विचारू नका, फोटो काढू नका.

आधी विदर्भ

परदेश पुढेमागे नक्की करायचाय असं म्हणणाऱ्यांनाही मी हे आधी करायला सांगते. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात बाळंतिणींसाठी मातृ सेवा संघ सुरू केला. या कामाची परंपरा शहराला शंभर वर्षांची आहे. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देणाऱ्या विजय बारसे यांच्या स्लम सॉकरमध्ये काम करायला तर परदेशातले लोक नागपुरात येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं की तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे काम तिथेच राहणाऱ्या बायकांनी केलं. परदेशातही तुमची जागा अशाच बायकांच्या मागे आहे, हे इथे सहा महिने राहिलात की अंगवळणी पडतं.

तेव्हा पंचविशीच्या आत असाल तर विदर्भात एक वर्ष, मग नेपाळ किंवा संयुक्त राष्ट्रांचा युवा गट. निवृत्त शिक्षिकांनी नेपाळमधल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम शोधावं, मुलांच्या वर्गावर थेट जाऊ नये. हातात फक्त तीन आठवडे असतील तर देणगी पाठवा आणि ऑनलाइन काम घ्या.

संस्थेला मेल पाठवाल तेव्हा विचारा: तुमच्याकडची किती मुलं गेल्या वर्षी आपापल्या घरी परतली? माझ्या फीतला किती भाग प्रकल्पाला जातो? मी गेल्यावर हे काम कोण करणार? आणि उत्तरात त्यांनी तुमच्याकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागितला नाही, तर त्या संस्थेचा विचार सोडून द्या.